वत्सलाताई बाहेर कशा पडल्या?

मे महिन्यातली दुपार. गॅलरीच्या कठड्याला हात लावला तर चटका बसावा असं ऊन. आमच्या सोसायटीच्या गेटासमोरून एक रिक्षा जाते. टपावर भोंगा, मागे कापडी फलक, आणि आत बसलेला माणूस माइकवर ओरडतो, "नाशिककर रसिकहो, चला, चला गंगेवर!" रिक्षा वळून दिसेनाशी झाली तरी तो 'चला' बिल्डिंगांच्या मधे बराच वेळ अडकून राहतो. मी चौथ्या मजल्यावर, हातात आंबा, कोपरापर्यंत ओघळलेला रस. "चला म्हणे," मी त्या आंब्याला सांगते, "आधी माझ्या मुलाला विचारा."

गोदावरीच्या, म्हणजे आम्हा नाशिककरांच्या गंगेच्या, घाटावरच्या व्याख्यानमालेचा मोसम आला. उन्हाळा लागल्याचं कुणाला कोकिळेवरून कळतं, कुणाला कुरडयांच्या चिकाच्या वासावरून. मला या भोंग्यावरून कळतं. भोंगा वाजला की आज इतक्या वर्षांनीही माझा हात आपोआप कणकेच्या डब्याकडे जातो. पंचवीस पानं. पुऱ्या. वाटीभर मोहन जास्त. मग लक्षात येतं, आता कुणी जेवायला येणार नाही. वक्ते हॉटेलात उतरतात आणि सुटतात बिचारे. आणि आपणही सुटलो, असं मी म्हणणार, तेवढ्यात हॉलमधल्या कॅमेऱ्याचा लाल ठिपका डोळा मिचकावतो.

गेल्या वर्षी मी बाथरूममध्ये घसरले. विशेष काही नाही, कमरेला मुका मार. पण त्या दिवसापासून माझ्या मुलाने, प्रसादने, मला काचसामानात जमा केलं. सांभाळून ठेवावं, उन्हात नेऊ नये, आदळू देऊ नये. खाली एकटीने जायचं नाही. लिफ्ट बंद असेल तर दुकटीनेही नाही. तो ऑफिसात बसून त्या कॅमेऱ्यातून मला बघतो. मी रोज दुपारी चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर जाऊन जीभ काढते. लगेच फोन.

"आई, काय चाललंय?"

"चालू आहे का ते बघत होते."

प्रेमाने केलेली कैद फार पक्की असते. तिच्या गजांना कुठे गंजच चढत नाही. भांडायचं म्हटलं तर समोरचा माणूस आपल्यासाठी गुडघ्याचं तेल कोमट करून आणत असतो. आता कसं भांडणार?

गंगेवर भाषणाला न्या असं म्हटलं की त्याचं उत्तर तयार असतं. "अगं, लाइव्ह दिसतं आता. पंख्याखाली बसून ऐक." मग मी मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ऐकते. वक्ता ऐन रंगात येतो, हात वर करतो, "आणि म्हणूनच मी तुम्हाला सांगतो," एवढं म्हणतो आणि हात वरच राहतो. पडद्यावर ते गोल चाक फिरायला लागतं. चाक थांबतं तेव्हा लोक टाळ्या वाजवत असतात.

मला याची सवय आहे म्हणा. व्याख्यानमाला मी जन्मभर अशीच ऐकली, मधलं गाळून. आणि तेव्हा मी गंगेपासून एका हाकेवर राहत होते!

मी मूळची कळवणची. बी.ए.ला मराठी घेतलेलं, आणि त्याचा माज वेणीच्या शेपट्यापर्यंत उतरलेला. मला बघायला आले तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, सहज सांगितलं, "आम्ही व्याख्यानमालेच्या समितीवर असतो. सगळे वक्ते आमच्याकडेच उतरतात. लेखक, नट, गवई, समाजसुधारक, सगळे." संपलं. मी मुलाकडे नीट बघितलंसुद्धा नाही. तो जरा तिरळा असता तरी मला लग्नानंतरच कळलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे त्या घराचं एक चित्र उभं राहिलं. झोपाळ्यावर थोर साहित्यिक बसलेले. समोर मी, अंजिरी पातळात. मी एक मार्मिक प्रश्न विचारते. साहित्यिक विचारात पडतात, चष्मा काढतात आणि म्हणतात, "सूनबाई, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता!" त्या चित्रात माझ्या हाताला कधीही पीठ लागलेलं नसे. साहित्यिक काय जेवतात, कुणाच्या हातचं जेवतात, हा मार्मिक प्रश्न मात्र त्या हुशार मुलीला पडला नाही.

घरची रीत अशी होती की भाषण संध्याकाळी साडेसहाला, आणि वक्ता जेवणार ते भाषण झाल्यावर. त्याच्याबरोबर समितीची माणसं, त्यांच्या ओळखीची माणसं, आणि ज्यांना कुणीच ओळखत नाही अशीही दोन-चार. म्हणजे सगळं शहर ज्या वेळी गंगेवर गार दगडावर बसून थोरांचे विचार ऐकणार, नेमक्या त्याच वेळी आम्ही सासू-सुना शेगडीपुढे. ही रीत कुणी दुष्टपणाने घातलेली नव्हती. भाषण करून माणूस थकून येतो, त्याच्या पानात गरम पडायला हवं, इतका साधा हिशेब होता. आमचा हिशेब त्यात धरायचा राहिला, एवढंच.

गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबावर एक कर्णा बांधलेला असे. वारा गंगेकडून आला की त्यातून भाषण स्वयंपाकघरात शिरायचं. तळणीचा चुर्र आवाज, कुकरची शिट्टी, सासूबाईंचं "अगं, लक्ष कुठंय, पुरी करपली" आणि मधूनमधून विचार. आणि दिवेलागणीला शेजारच्या देवळात आरती सुरू झाली की घंटा, झांजा आणि नगारा यांपुढे कर्ण्याचं काही चालत नसे. सगळे वक्ते नेमके तेव्हाच मुद्द्यावर येत.

त्यामुळे थोरामोठ्यांची चरित्रं मला अर्धीच पाठ आहेत. कुठल्याशा मोठ्या गवयाची गोष्ट ऐकत होते. लहानपणी तो घरातून पळाला, तंबोरा काखेत, खिशात काही नाही, मनमाड स्टेशनवर येऊन उभा राहिला, आणि नगारा वाजला. तो मुलगा माझ्यापुरता अजून मनमाडलाच उभा आहे. एका शाहिराला तर मी इतकी वर्षं तुरुंगात ठेवलंय, कारण त्याच्या सुटकेच्या वेळी नेमका कुकर बोलला. पुढे तो सुटला असेल, मोठमोठे फडही गाजवले असतील. मला मात्र उन्हाळा आला की वाटतं, अरे, तो अजून आतच आहे!

माझे यजमान घाटावर खुर्च्या मांडायला जात. मनाने फार चांगला माणूस. पुढच्या रांगेत बसून सगळं भाषण ऐकत. घरी आले की मी दारातच विचारायची, "काय बोलले हो?"

"छान बोलले."

"म्हणजे काय बोलले?"

ते थोडा विचार करीत. "चांगलं बोलले."

असा आमचा बौद्धिक संसार.

आणि ते वक्ते! एका चित्रकाराने दारातली माझी रांगोळी मान तिरकी करून बघितली, "काय रेषा आहे!" म्हणाला, आणि तीवरूनच चालत आत आला. एक समाजसुधारक होते. स्त्रीच्या गुलामगिरीवर असे बोलले म्हणतात की बाप्यांचे डोळे भरून आले. घरी आल्यावर झोपाळ्यावर टेकले आणि पायानेच झोका घेत आतल्या दिशेला म्हणाले, "पाणी आणा हो कुणीतरी." ते 'कुणीतरी' म्हणजे मी. पाणी नेलं. त्यांनी माझ्याकडे न बघता तांब्या घेतला. मीही काही कमी नव्हते. मी त्यांच्याकडे भक्तिभावाने बघत उभी! एवढ्या मोठ्या माणसाने आपल्या हातचं पाणी घेतलं म्हणून रात्री कळवणला आईला चार पानी पत्र लिहिलं. त्या पोरीचे कान आज सापडले तर मी चांगले पिळीन.

पण या सगळ्या उन्हाळ्यांत एक उन्हाळा वेगळा आहे. त्या वर्षी वत्सलाताई आल्या.

आता त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. तेव्हा मात्र वत्सलाताई म्हटलं की बायका आवाज खाली आणून बोलत. मूळच्या विंचूरकडच्या. अगदी लहानपणी लग्न झालेलं. सासरी गाण्याची बंदी, आणि हिला तर पाखडतानाही सूर लागायचा. म्हणून संध्याकाळ झाली की तिला माडीवरच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावत. एका संध्याकाळी खोली रिकामी सापडली, आणि काही दिवसांनी ती पोरगी एका फिरत्या नाटक कंपनीच्या तंबूत उभी राहून गात होती. पुढे मोठी नटी झाली. आणि पुढे, नाव झाल्यावर, तिने तंबूत जन्मलेल्या मुलींसाठी शाळा काढली, वसतिगृह काढलं, त्यासाठी शिव्या खाल्ल्या, अंगावर शेण झेललं, आणि शाळा चालवून दाखवली. हे सगळं सगळ्यांना माहीत होतं. फक्त कडी बाहेरून लावलेली असताना ती बाहेर कशी पडली, हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे कौलं काढली, कुणी म्हणे दिराने मदत केली. त्या स्वतः याबद्दल कधी बोलल्या नव्हत्या.

व्याख्यानमालेत बाई बोलणार ही त्या वेळी तशी नवलाची गोष्ट. समितीतल्या काहींनी नाकं मुरडली. मामंजींनी जोर लावला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

त्या सकाळच्या मोटारीने आल्या. ठसठशीत, काळ्यासावळ्या, कपाळावर मोठं गोंदण. मामंजींनी त्यांना झोपाळा दाखवला. त्यांनी झोपाळ्याकडे बघितलं, मग आतल्या दाराकडे बघितलं, आणि सरळ स्वयंपाकघरात आल्या. आतापर्यंत एकही वक्ता तो उंबरठा ओलांडून आला नव्हता. खाली पाट ओढून बसल्या आणि माझ्यापुढच्या टोपलीतला आंबा उचलून माचायला, दाबून दाबून मऊ करायला, लागल्या.

"अहो, राहू द्या, राहू द्या!" सासूबाईंची धांदल.

"असू द्या हो माय. लय दिसांनी आंबा माचते हाय. तंबूत कोण देतंय?"

आंबा माचायची त्यांची पद्धत बघण्यासारखी होती. दोन्ही तळव्यांमध्ये धरून, अंगठ्यांनी गोल फिरवत, कुठे दाब द्यायचा आणि कुठे सोडायचा ते बोटांनाच ठाऊक. साल कुठे फुटायची नाही. मी बघत राहिले आणि माझ्या तोंडून तो प्रश्न निसटला. अंजिरी पातळ नव्हतं, झोपाळा नव्हता. कोपरापर्यंत रस, पदर खोचलेला, आणि प्रश्नही मार्मिक वगैरे नव्हता. नुसता होता.

"तुम्ही त्या घरातून बाहेर कशा पडलात?"

सासूबाईंचा हात जागच्या जागी थांबला. वत्सलाताईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागच्या जाळीच्या कपाटाकडे, धुरकटलेल्या खिडकीकडे, पुन्हा माझ्याकडे. आणि हसल्या.

"ते इथं नाय सांगत. संध्याकाळी तिथं सांगते. ये की ऐकायला."

मी सासूबाईंकडे बघितलं. पाहुणीच्या देखत त्या काय बोलणार? "येईल की," म्हणाल्या, "सगळं आटपलं तर."

आटपलं तर! त्या दोन शब्दांवर मी जी उठले! सासूबाई वाईट नव्हत्या. पुऱ्या मी तळीन म्हणाल्या. पण बाकी सगळं, म्हणजे भाजी, वड्या, कोशिंबीर आणि मुख्य म्हणजे आमरस, मी पाच वाजेपर्यंत करून ठेवायचं. आमरस आमच्याकडे आयत्या वेळी, थोडाथोडा करत, स्टीलच्या डब्यांमध्ये. मला तेवढा धीर कुठला? एकदम सगळा काढून ठेवला की झालं, असा विचार केला आणि माळ्यावरून मोठं पितळी पातेलं उतरवलं. भर दुपारी घामाच्या धारा लागलेल्या, आणि मी गुणगुणत आंबे पिळतेय. काळा पडू नये म्हणून रसात कोयीसुद्धा टाकून ठेवल्या. केवढी ती सुगृहिणी! पातेलं पाण्याच्या परातीत, वर ओलं फडकं. मग न्हाले, वेणी घातली, मोगऱ्याचा गजरा माळला, अंजिरी पातळ नेसले. हो, तेच. दारात चपला सरळ करून ठेवल्या, म्हणजे निघताना शोधायला नकोत. आरशात बघितलं आणि स्वतःलाच म्हटलं, चला गंगेवर!

तेवढ्यात सासूबाईंनी रस चाखला.

त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त पळी पुढे केली. मी जिभेला लावला. तांब्या-पितळेचा तो कडवट, जिभेला चरा पाडणारा स्वाद! रस कळकला होता. कडेने हिरवट झाक धरली होती.

"हे पातेलं का घेतलंस? कल्हई कुठंय त्याला? कल्हईवाला यायचाय म्हणून तर वर ठेवलं होतं!"

सगळ्या घराला ठाऊक होतं. माळ्यावरची भांडी म्हणजे कल्हईला काढलेली भांडी. फक्त मला ठाऊक नव्हतं, कारण मी त्या घरात वर कधी बघितलंच नव्हतं. मी आपली झोपाळ्याकडे बघत होते.

रस गटारात ओतला. एवढा केशरी लोट मी पुन्हा कधी बघितला नाही. यजमानांना सायकलवर बाजारात पिटाळलं, ते मिळतील ते आंबे घेऊन आले, आणि तिकडे कर्ण्यातून मामंजींचा खाकरा ऐकू आला. प्रास्ताविक सुरू झालं. यजमान टोपली ठेवून खुर्च्यांकडे पळाले. मी अंजिरी पातळातच पाटावर बसले आणि आंबे माचायला घेतले. दारात माझ्या चपला बाहेर तोंड करून बसल्या होत्या. निघायला तयार.

त्या दिवशी वारा गंगेकडूनच होता. वत्सलाताईंचा आवाज असा आला की जणू त्या खिडकीत उभ्या आहेत. कर्ण्यानेही खरखर थांबवली असावी. लहानपण सांगितलं, माडीवरची खोली सांगितली, कडीचा आवाज कसा येई ते तोंडाने काढून दाखवलं. मी हातातला आंबा तसाच धरून. आणि मग त्या म्हणाल्या, "आज सकाळी एका स्वयंपाकघरात एका पोरीनं मला इचारलं, तुम्ही बाहेर कशा पडलात? आजवर हे मला कुणी तोंडावर इचारलं नव्हतं. तर ऐक पोरी," आणि देवळातली घंटा वाजली.

मग झांजा. मग नगारा. मी खिडकीशी धावले, गजांना कान लावला. देवाची क्षमा मागून सांगते, त्या दिवशी मी देवाला जे बोलले ते अजून कुणाला बोललेले नाही.

पण एवढं कळलं. नगाऱ्याच्या मधल्या फटीतून घाटावरून मोठा हशा ऐकू आला. सगळी गंगा हसली असावी असा. पुढच्या फटीत कान देते तर काही नाही. इतके लोक आणि खोकलासुद्धा नाही. शांतता. ती शांतता बराच वेळ होती. आणि आरती थांबली तेव्हा टाळ्या चालू होत्या, आणि संपतच नव्हत्या.

आधी हशा, मग शांतता, मग टाळ्या. उत्तराचा एवढाच आकार मला मिळाला. आत काय होतं, ते घंटेने नेलं.

रात्री पंगत बसली. वत्सलाताई बाप्यांच्या ओळीत, पण मांडी ठोकून, मोकळ्या. मी रसाचं भांडं घेऊन फिरतेय. माझ्या गजऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "काय गं, आली होतीस?"

मी तोंड उघडायच्या आत मामंजी बोलले. पाहुणीचं मन राखायचं, घराची अब्रू राखायची. "म्हणजे काय! ही कशी चुकवेल? मागे बायकांमध्ये बसली होती."

ओळीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सासऱ्यांना खोटं पाडायचं, तेही भर पंगतीत? त्या काळी तसं दारच नव्हतं त्या भिंतीत. वत्सलाताई माझ्याकडे रोखून बघत होत्या.

"मग, मिळालं का उत्तर?"

आणि मराठीची ती पदवीधर, मार्मिक प्रश्नांची ती खाण, काय म्हणाली असेल?

"आणखी रस वाढू?"

त्यांनी वाटीवर हात आडवा धरला. बराच वेळ धरून ठेवला. पहाटेच्या मोटारीने त्या गेल्या. मी उठून चूल बघेपर्यंत त्यांचा पाट भिंतीला लावून ठेवलेला होता. त्यांनीच उचलून ठेवला असणार, आमच्याकडे पाहुण्याचा पाट पाहुणा उचलत नसे.

यजमानांना मी विचारलंच. "काय म्हणाल्या हो?"

"छान बोलल्या."

"अहो, पण बाहेर कशा पडल्या?"

"कुठून?"



पुढची सगळी वर्षं मी त्या आकारात उत्तरं बसवून बघितली. भांडी घासताना, प्रसादला झोपवताना, सासूबाईंच्या आजारपणात रात्र-रात्र बसलेली असताना. कौलं काढली म्हणावं, तर त्याला लोक हसतील कशाला? दिराने कडी काढली म्हणावं, तर हसतील, पण मग गप्प का होतील? एक उत्तर हशाला बसायचं, एक शांततेला. तिन्हीला बसणारं सापडलं नाही. कल्हईवाला मात्र त्यानंतर दर उन्हाळ्यात सगळ्यात आधी मीच बोलवायची. नवसागराचा तो धूर, आणि पातेल्यात एकदम चंद्र उगवल्यासारखी पसरणारी ती चांदी. सासूबाई म्हणायच्या, "आता शिकलीस." हो, शिकले खरी. तोवर वत्सलाताई वारल्याचंही छापून आलं.

आणि घरात मामंजींचं ते वाक्य वाढत गेलं. पंगतीतलं खोटं नंतर नातेवाइकांना सांगितलं गेलं, मग प्रसादने शाळेत सांगितलं, मग सुनेने, मेधाने, तिच्या मैत्रिणींना. आमच्या आईंनी वत्सलाताईंचं ते भाषण प्रत्यक्ष ऐकलंय! मीही 'छे गं' म्हणून विषय बदलायची. त्यांना तो विनय वाटायचा.

म्हणून आज सकाळी ती मुलगी आली. अक्षता तिचं नाव, केस कापलेले, पाठीवर सॅक. वत्सलाताईंचं चरित्र लिहिते आहे, आणि यंदा गंगेवर त्यांच्यावरच बोलणार आहे. आज संध्याकाळी. प्रसादने तिला कौतुकाने माझ्यासमोर आणून बसवलं. मेधाने आमरस-पुरीची ताटलीच पुढे ठेवली. अक्षताने आमरस खाता खाता सांगितलं, "आजी, त्या बाहेर कशा पडल्या हे त्या एकदाच बोलल्या, इथे, त्या भाषणात. ते कुठेही छापलेलं नाही, ध्वनिमुद्रण नाही. ऐकलेलं माणूस शोधतेय मी दोन वर्षं. आता तुम्हीच. सांगा ना."

तिचे डोळे! मी ते डोळे ओळखले. पुढ्यात आंब्याची टोपली असलेल्या एका पोरीचे होते ते.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? एखादं झकास उत्तर ठोकून द्यावं. इतक्या वर्षांत ढीगभर तयार करून ठेवली आहेत, एखादं चरित्रात शोभूनही दिसलं असतं. मग वाटलं, खरं सांगावं, की बाई, मी ऐकलंच नाही, माझा रस कळकला होता. पण ते सांगितलं की ही सॅक उचलून जाईल, प्रसाद 'अगं, असं काय' म्हणेल, आणि संध्याकाळी मी मोबाइल तांब्याला टेकवून त्या फिरत्या चाकाकडे बघत बसेन. मी माझ्यामागच्या सेफ्टी-डोअरकडे बघितलं, कॅमेऱ्याच्या लाल ठिपक्याकडे बघितलं, पुन्हा त्या मुलीकडे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"ते इथं नाही सांगत. संध्याकाळी तिथं सांगते."

प्रसाद मोठ्याने हसला. मेधाही हसली. अक्षता पुरी हातात धरून हसली. आजींची फिरकी! प्रसाद म्हणाला, "काय गं आई, लिफ्ट बंद आहे, चार मजले, आणि घाटाच्या पायऱ्या!"

"मग चारही मजले बसत बसत उतरेन," मी म्हटलं. "हिला हवं असेल तर ही हात धरेल. बाकी कुणाला सांगणार नाही, आणि इथे तर मुळीच नाही."

खोली गप्प झाली.  प्रसादने माझ्याकडे बघितलं, असं त्याने मी घसरल्यापासून बघितलंच नव्हतं, म्हणजे काचसामानाकडे बघावं तसं नाही.  मेधा उठली, आणि तिने चपलांच्या कपाटातून माझ्या चपला काढून दारात ठेवल्या. बाहेरच्या दिशेला तोंड करून.

तिथं जाऊन काय सांगणार आहे, म्हणता? सांगेन जे आहे ते. कल्हई नसलेलं पातेलं सांगेन, अंजिरी पातळ सांगेन, घंटा सांगेन. चरित्रात ते बसो की न बसो. आता अंजिरी रंगाची साडी नाही घरात, मेधाची एक आहे जवळपासची, ती नेसलेय. मामंजींनी मला जिथे बसवलं होतं, त्या मागच्या बायकांमध्ये आज खरोखर जाऊन बसेन.

पहिला जिना उतरले आहे. जिन्याच्या खिडकीशी जरा टेकलेय, अक्षता पाण्याची बाटली उघडतेय, प्रसाद वरून विचारतोय, "आई, ठीक ना?" खालून भोंग्याची रिक्षा चाललीये.

हशा झाला. शांतताही झाली. टाळ्यांसाठी अजून तीन मजले आहेत.